दवबिंदूचा थेंब थेंबासारखा दिसावा म्हणून

प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरमध्ये नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पठारावर दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटकभक्षी झाडांचे फोटो काढले, दहानंतर, उभ्याने वरून. कॅमेरा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा, सोबत १८-५५ मिलिमीटरची लेन्स आणि ५५-२५०ची झूम. घरी येऊन पाहिलं तर थेंबांच्या जागी पांढरे जळके ठिपके, झाड गवतात हरवलेलं, जांभळी फुलं निळी पडलेली आणि हललेली. मॅक्रो लेन्स (जवळून बारीक वस्तू मोठी टिपणारी) घ्यावी का, पुन्हा कधी जावं, आणि ही झाडं घरी लावून फोटो काढता येतील का?

मॅक्रो लेन्सचे पैसे सध्या राहू द्या. कॅमेरा झाडाच्या वर, सूर्य डोक्यावर आणि वेळ दहानंतरची, एवढ्यावरून वरच्या बहुतेक तक्रारींचा हिशोब लागतो. चाळीस-पन्नास हजारांची लेन्स याच पद्धतीने वापरली तर पांढरे ठिपके जास्त स्पष्ट दिसतील, इतकाच फरक पडेल.

आधी थेंबाचं बघू, कारण दवबिंदूच्या फोटोत थेंब हाच विषय असतो. तो थेंब पाण्याचा नाही. पानावरच्या प्रत्येक लाल केसाच्या टोकाला एक ग्रंथी असते आणि ती चिकट द्राव सोडते. म्हणून खरं दव नऊ वाजता उडून जातं आणि हे थेंब भर दुपारीही टिकून असतात. कीटकाला दवासारखे किंवा मधासारखे वाटतात, तो बसतो आणि चिकटतो. फोटोच्या दृष्टीने महत्त्वाचं इतकंच की हा थेंब म्हणजे एक मिलिमीटरहून लहान, गुळगुळीत, गोल काच आहे. समोरून उजेड पडला की तो आरशासारखा वागतो आणि जिथून उजेड येतो त्याचंच चित्र आपल्या पृष्ठभागावर दाखवतो. उघड्या सूर्याचं चित्र म्हणजे एक टोचरा बिंदू. कॅमेऱ्यावरच्या उघड्या फ्लॅशचंही तेच. तो बिंदू नंतर संगणकावर कितीही उतरवा, त्यात माहितीच नसते, राखाडी डाग तेवढा उरतो.

उजेड मागून आला की हाच थेंब भिंगासारखा वागतो. उजेड त्यातून आरपार जातो, कडा उजळते, आत मागच्या आकाशाचं आणि गवताचं उलटं चित्र दिसतं, आणि खालचा लाल देठ दिव्याच्या वातीसारखा पेटतो. दवबिंदूचं जे रूप पाहून माणूस थबकतो ते हे. त्यासाठी पूर्वेकडे तोंड करून आडवं व्हायचं, म्हणजे झाड तुमच्या आणि सूर्याच्या मधे येतं. सप्टेंबरात नाशिकला सव्वासहाच्या सुमारास सूर्य उगवतो. साडेसात ते नऊ हा काळ सोन्यासारखा. सूर्य खाली असतो, उजेड पानांना तिरका भेदतो आणि वाराही पडलेला असतो. सूर्य चौकटीत घेऊ नका. लेन्सच्या पुढच्या काचेवर ऊन येत असेल तर डाव्या हाताची सावली धरा, नाहीतर सगळं चित्र दुधाळ होतं.

उशीर झालाच, ऊन चढलं, तर उजेड मऊ करावा लागेल. महागडं काही नको. टीव्ही-फ्रीजच्या खोक्यात गुंडाळून येतो तो पातळ पांढरा फोम घ्या, ए-४ आकाराचा तुकडा कापा, दुहेरी करा आणि झाडापासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर धरा. अंतर इथे कळीचं आहे. तोच तुकडा अर्ध्या मीटरवर धरला तर थेंबाला तो लहान दिसतो आणि पुन्हा टोचरा ठिपका येतो. जितका जवळ, तितका थेंबातला उजेड रुंद आणि मऊ. फ्लॅश वापरायचा तर तो कॅमेऱ्यावरून काढून झाडाच्या मागे-बाजूला न्या आणि मधे हाच फोम ठेवा.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटरही फसवतो. पावसाळ्यात अंजनेरीचा बेसॉल्ट ओला, काळाकुळकुळीत असतो. कॅमेऱ्याला वाटतं दृश्य अंधारं आहे, तो उजेड वाढवतो, आणि तुमचे थेंब जळतात. काळ्या कातळावर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे ०.७ पासून सुरू करा, हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघून उणे एका स्टॉपपर्यंत, म्हणजे उजेड निम्मा होईपर्यंत, जा. रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरची मूळ माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढा. सावली नंतर उचलता येते, जळलेला थेंब परत येत नाही.

आता उंची. दवबिंदूची ड्रॉसेरा बर्मानी ही जात जमिनीला चिकटलेल्या चक्रीसारखी असते, व्यास जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर. ड्रॉसेरा इंडिका, म्हणजे गवती दवबिंदू, उभी वाढते आणि तिची पानं दोऱ्यासारखी लांब असतात. बर्मानीला पांढरी फुलं, इंडिकाला बहुधा गुलाबी. उभ्या माणसाच्या डोळ्यातून दोन्ही म्हणजे तांबूस डाग. त्या डागाचं झाड व्हायचं असेल तर लेन्स पानाच्या पातळीला आणावी लागते, म्हणजे जमिनीपासून चार ते आठ सेंटिमीटर. पार्श्वभूमीचा प्रश्न तिथेच सुटतो. वरून काढलं तर मागची माती आणि गवत झाडापासून एखाद-दोन सेंटिमीटरवर असतं, ते धूसर होणार कसं? खालून काढलं तर मागे कित्येक मीटरवरचा उतार किंवा धुकं येतं आणि ॲपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान आणि फोकसची खोली जास्त) एफ ८ असूनही सगळं विरघळतं.

त्यासाठी तांदूळ किंवा चवळी भरलेली एक किलोची पिशवी ट्रायपॉडपेक्षा जास्त उपयोगी पडते. धान्य आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि मग कापडात घाला, नाहीतर ओलं होऊन फुगतं. पिशवीवर कॅमेरा दाबून बसवला की मुंगीच्या उंचीचा स्टँड तयार. कॅमेऱ्याला फिरता स्क्रीन असेल तर उत्तम, नसेल तर मान मोडायची तयारी ठेवा. अंगाखाली अर्धी योगा मॅट. कोपर टेकण्याआधी जागा नीट बघा, या कातळांवर फुरसं असतं. दगड मात्र उलटवू नका, त्याखाली विंचू असतात आणि तो दगड म्हणजे कुणाचं तरी घर असतं.

फोकसची खोली हे या छंदातलं खरं अवघड काम. आकडे लक्षात ठेवले तर पुष्कळ निराशा वाचते. एपीएस-सी कॅमेऱ्यावर विषय अर्ध्या आकाराने सेन्सरवर उतरत असेल (म्हणजे चौकटीच्या रुंदीत साधारण साडेचार सेंटिमीटर मावत असतील) तर एफ ८ ला फोकसमध्ये राहणारी जाडी सुमारे २ मिलिमीटर. पूर्ण आकाराने, एकास एक, उतरत असेल तर तीच जाडी ०.६ मिलिमीटरवर येते. एफ १६ करून ती वाढवायचा मोह होतो. पण एकास एकवर एफ १६ चा परिणाम एफ ३२ इतका होतो, आणि विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) थेंबांच्या कडा मऊ पडतात. एफ ८ ते एफ ११ च्या पुढे जाऊ नका.

मग दोन मिलिमीटरमध्ये काय बसवायचं? इथे नजर लागते. इंडिकाच्या रोपावर आठ-दहा पानं असतील, त्यातलं एकच असं शोधा जे सेन्सरला समांतर आहे. कॅमेरा दोन अंश इकडेतिकडे फिरवून त्या पानाला बुंध्यापासून टोकापर्यंत एका प्रतलात आणा. ते पान, त्यावरचे चाळीस थेंब स्पष्ट आणि बाकी सगळं झाड मागे धूसर लाल, असं चित्र पूर्ण झाड अर्धवट स्पष्ट असण्यापेक्षा शतपटीने बोलतं. बर्मानीच्या चक्रीचं उलटं आहे. ती वरून सपाट असते, म्हणून तिचा एक फोटो मुद्दाम अगदी वरून, लेन्स जमिनीला काटकोनात ठेवून घ्या, म्हणजे सगळी चक्री फोकसमध्ये येते. बाजूने घेताना पुढच्या कडेच्या दोन-तीन केसांवर समाधान माना.

ऑटोफोकस बंद. मोठेपणा हवा तेवढा ठरवा, फोकस तिथे सोडा, आणि कॅमेरा पिशवीवरच केसभर पुढे-मागे सरकवत लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठं करून बघा. थेंब चमकला की पाच-सहा फ्रेमची सरबत्ती. त्यातली एक लागते.

आता लेन्सकडे. १८-५५ ची लेन्स ५५ वर सगळ्यात जवळून साधारण पाव ते तिसऱ्या हिश्शाने विषय उतरवते. म्हणजे सात-आठ सेंटिमीटर रुंदीची चौकट, बर्मानीची चक्री तिच्या साधारण तिसऱ्या हिश्शात. २० मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणारी पोकळ नळी) लावली तर आणखी २० भागिले ५५, म्हणजे ०.३६ ची भर पडते आणि दोन्ही मिळून अर्ध्याच्या पुढे जाता. ट्यूब विद्युत संपर्क असलेलीच घ्या. बिनसंपर्काच्या स्वस्त नळ्यांवर ॲपर्चर कॅमेऱ्यातून बदलता येत नाही. पण ५५ वर ट्यूब लावली की लेन्स झाडापासून काही सेंटिमीटरवर येते, आपली सावली पडते, आणि मागून उजेड घ्यायलाच जागा उरत नाही.

म्हणून तुमच्याकडच्या ५५-२५० ला जोडायची भिंगं हा माझ्या मते जास्त शहाणपणाचा खर्च. रेनॉक्सचं डीसीआर-१५० हे ४.८ डायऑप्टरचं (डायऑप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप) भिंग आहे. ते ५२ ते ६७ मिलिमीटरच्या फिल्टर आट्यांवर चिमट्यासारखं बसतं. लेन्स अनंतावर ठेवली तर झाड भिंगापासून सुमारे २० सेंटिमीटरवर असताना फोकस लागतो, आणि झूम १०० वर ठेवलं तर अर्धा आकार, २५० वर ठेवलं तर एकास एकच्याही थोडं पुढे. वीस सेंटिमीटरचं अंतर म्हणजे झाडाला धक्का नाही, सावली नाही आणि फोम धरायला हात मोकळा. त्यांचंच डीसीआर-२५० हे ८ डायऑप्टरचं. ते जास्त मोठं दाखवतं पण अंतर साडेबारा सेंटिमीटरच्या आत आणतं आणि हाताने फोकस लावणं फार कठीण होतं. सुरुवात १५० ने करा. बाजारात चार काचांच्या संचात मिळतात ती एकेरी क्लोजअप भिंगं कडेला जांभळी-हिरवी किनार देतात. दवबिंदूवर शेकडो चमकत्या कडा असतात, त्यामुळे हा दोष इथे सगळ्यात जास्त खुपतो. आणि याउपर एक-दोन मोसम मन लावून काम झालं, तर ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स जरूर घ्या.

पोलरायझर फिल्टर दवबिंदूवर लावू नका. तो चमक मारतो आणि चमक हीच इथली दौलत आहे. ओल्या कातळावर, पाण्याच्या पातळ पापुद्र्यातून डोकावणाऱ्या सीतेच्या आसवांवर मात्र तो हवाच, आभाळाचं पांढरट प्रतिबिंब त्यानेच जातं. दीड-दोन स्टॉप उजेड कमी होतो, तेवढा आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवा.

सीतेची आसवे, म्हणजे युट्रिक्युलॅरिया, ही कीटकभक्षी आहे हे तिच्या फुलाकडे बघून कुणाला खरं वाटत नाही. सापळे चिखलात किंवा पाण्याखाली, बारीक पिशव्यांच्या रूपात. वर दिसतो तो केसासारखा दांडा आणि पाच-दहा मिलिमीटरचं फूल. हा दांडा श्वासानेही हलतो. फोटो हलले ते याच कारणाने. शटर १/२५० च्या खाली आणू नका, वारं असेल तर १/५००, आणि आयएसओ ८०० ते १६०० बिनधास्त वाढवा. दाणेदार पण स्थिर फोटो दुरुस्त होतो, हललेला होत नाही. वाऱ्याच्या बाजूला छत्री आडवी ठेवा, पाठपिशवी तिला टेकवा. दांड्याला आधार म्हणून काडी खुपसू नका. तिथे माती बोटभरही नसते आणि त्या मातीतच तिचे सापळे असतात. पठारावर दहानंतर वारा भरतो, मग उभ्या फुलांचा नाद सोडून बर्मानीच्या चपट्या चक्रीकडे वळावं.

रंग निळा पडतो तो पांढऱ्या समतोलामुळे (व्हाइट बॅलन्स). ढगाळ हवेत ऑटो व्हाइट बॅलन्स जांभळ्याला निळा करतो. ५५०० ते ६००० केल्विनवर ठरवून ठेवा आणि पहिल्या फ्रेममध्ये एक राखाडी कार्ड घ्या. शिवाय हिस्टोग्राम एकत्र न बघता तांबडा, हिरवा, निळा असा वेगवेगळा बघा. जांभळ्या पाकळीत निळा आधी भरून वाहतो, एकत्रित आलेख मात्र सगळं ठीक असल्याचं सांगतो. फुलाच्या घशाशी पांढरा किंवा पिवळा ठिपका असतो, तो जळला की फूल सपाट दिसतं. म्हणून कॉम्पेन्सेशन उणे ०.३ ते ०.७.

जात ओळखायची असेल तर एका सुंदर फोटोने भागत नाही. फूल समोरून, फूल बाजूने (खालच्या पाकळीमागचा शुंड कसा वळला आहे ते दिसलं पाहिजे), दांड्यावरची बारीक छदं (खवल्यांसारखी पानं), फळ धरलं असेल तर त्याभोवतीची निदलं, आणि शेवटी अवतीभवतीची जागा. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून एक फ्रेम. उभ्या ओल्या कातळावर, शेवाळात, फिकट फुलांची बारीक आसवं दिसली तर ती युट्रिक्युलॅरिया स्ट्रायटुला असण्याचा संभव मोठा. डबक्यात तरंगणारी पिवळ्या फुलांची दिसली तर युट्रिक्युलॅरिया ऑरिया तपासून बघा.

कधी जावं? पंचांग बघून नाही, पाऊस बघून. नाशिक शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पन्नास किलोमीटरच्या आत इगतपुरीला ३००० च्या वर. त्यामुळे एकाच तारखेला गंगापूर रोडवर कोरडं आणि त्र्यंबकला संततधार असं असतं. झड लागलेली असताना दवबिंदू बघायला जाणं म्हणजे हेलपाटा. पाऊस चिकट थेंब धुऊन नेतो आणि झाड हिरवट, केसाळ, ओलं दिसतं. पाऊस थांबून दोन दिवस ऊन पडलं की थेंब पुन्हा भरतात आणि पानं लाल होतात. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हा काळ धरा आणि त्यातला उघडिपीनंतरचा दुसरा-तिसरा दिवस गाठा. दवबिंदूचं फूल हवं असेल तर उन्हाची सकाळच हवी. ते थोडा वेळ उमलतं आणि दुपारी मिटतं, ढगाळ दिवशी कधी उमलतही नाही. पाऊस सरला, कातळावरची पाझर आटली की ही वर्षायू झाडं बी टाकून वाळतात.

शोधायचं कसं, तर पाण्यावरून. जिथे कातळावर पाणी वाहत नाही पण झिरपत राहतं, माती बोटभर आणि निकस, आणि पानगेंदाची पांढरी बटणं उगवलेली, तिथे थांबून खाली बघा. गवत गुडघाभर वाढलं असेल तिथे शोधू नका. सुपीक जागी ही झाडं गवताशी झगडू शकत नाहीत. मातीतून नत्र मिळत नाही म्हणूनच तर ती कीटकांकडून घेतात. इगतपुरी-घोटीकडे भाताच्या खाचरांत आणि ओल्या बांधांवर सीतेची आसवे दिसतात. बांधावर उतरण्याआधी शेतकऱ्याला विचारा. तो बहुधा स्वतःच जागा दाखवतो.

अंजनेरीवर मात्र पाऊल कुठे पडतं याकडे कॅमेऱ्याइतकंच लक्ष हवं. हा डोंगर वनखात्याच्या ताब्यातलं संवर्धन राखीव क्षेत्र आहे. सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात २००६ मध्ये इथूनच शास्त्राला नव्याने कळली, तिचं नावच या डोंगरावरून आहे. पठारावरच्या त्या बोटभर मातीत पुढच्या वर्षाचं सगळं बी असतं, धुळीसारखं बारीक. एक माणूस आडवा झाला तर चालून जातं, त्याच जागी रविवारी तीस जण आडवे झाले तर पुढच्या वर्षी तिथे कातळ उरतो. म्हणून उघड्या कातळावर चाला, उघड्या कातळावर झोपा, आणि कातळाच्या कडेला असलेलंच झाड निवडा. आतलं झाड कितीही देखणं असलं तरी त्याच्यापर्यंत जाताना दहा चिरडतात. मधे येणारं गवताचं पातं उपटू नका. दोऱ्याने किंवा लाकडी चिमट्याने बाजूला धरा आणि निघताना सोडा. फोटो टाकताना तालुका पुरे, नेमकी जागा नको.

स्प्रेने पाणी मारून "थेंब वाढवणं" हा प्रकार अनेकांच्या हातून होतो. त्याने चिकट द्राव पातळ होऊन ओघळतो, झाडाची त्या दिवसाची शिकार जाते आणि फोटोही बिघडतो, कारण पाण्याचा थेंब केसाच्या टोकावर न बसता पानावर पसरतो. ग्लिसरीनचं तर नावच नको. मुंगी पकडून पानावर ठेवणंही टाळा. आधीच अडकलेला डास किंवा चतुर सापडतोच, फक्त पाच-सात झाडं शांतपणे बघावी लागतात. सापडल्यावर फोकस कीटकाच्या डोळ्यावर.

एकाहून अधिक फ्रेम जोडून खोली वाढवणं, म्हणजे फोकस स्टॅकिंग, बाहेर क्वचितच जमतं. वारा पूर्ण पडलेला हवा. सहा मिलिमीटर उंचीची चक्री एकास एकवर एफ ५.६ ला घ्यायची तर ०.३ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी वीस फ्रेम लागतात. जोडायला हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर हे सॉफ्टवेअर. पुढचा थेंब मागच्या केसावर येतो तिथे भुताटकी कडा उमटतात, त्या हाताने पुसाव्या लागतात. आणि नुकताच कीटक अडकलेलं झाड निवडू नका. बर्मानीच्या कडेचे केस काही सेकंदांत आत वळतात, वीस फ्रेम होईतो विषयच बदललेला असतो. त्याचा व्हिडिओ घ्या. इंडिकाचं पान कीटकाभोवती गुंडाळायला तास लागतात, तिथे टाइमलॅप्स: दर ३० सेकंदांना एक फ्रेम, चार तासांच्या ४८० फ्रेम, चोवीसच्या गतीने वीस सेकंदांची फिल्म.

सामानाचं एकच सांगतो. गाडीत एसी लावून गेलात आणि पायथ्याशी पिशवी उघडली की लेन्सवर आतून-बाहेरून वाफ धरते, आणि नेमकी सोन्याची अर्धी घटका ती पुसण्यात जाते. त्र्यंबक रस्त्यावरचं महिरावणी ओलांडलं की एसी बंद करा आणि काचा खाली घ्या. घरी आल्यावर भिंगं हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत. रंग बदलणारे दाणे घ्या, रंग उतरला की कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरा. पावसाळाभर बंद पिशवीत पडलेल्या लेन्सवर बुरशी चढते आणि ती काच खाते.

घरी लावण्याबद्दल. डोंगरावरून रोप किंवा बी आणायचं नाही. रोपाची मुळं इतकी नाजूक असतात की ते जगतही नाही. रोपवाटिकेत वाढवलेली बर्मानी किंवा तिचं बी छंदी लोकांकडे मिळतं, आणि ती कुंडीत सोपी आहे. कोकोपीट आणि परलाइट (बागकामातले पांढरे हलके खडे) निम्मे-निम्मे. कोकोपीटमध्ये मीठ असतं, म्हणून ते तीन-चार पाण्यांतून धुऊन पिळून घ्या. खत अजिबात नाही. बी वर भुरभुरायचं, झाकायचं नाही. कुंडी बशीत ठेवून बशीत एक-दोन सेंटिमीटर पाणी, आणि ते पावसाचं किंवा आरओचं. घरच्या आरओ यंत्रांत बऱ्याचदा क्षार मुद्दाम ठेवलेले असतात, म्हणून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायची पेन घेऊन ५० च्या खाली आहे ना ते बघा. बोअरच्या पाण्याने काही आठवड्यांत कडा काळ्या पडतात. रोज चार-पाच तास ऊन, एप्रिल-मेमध्ये ५० टक्क्यांची शेडनेट. थेंब येत नसतील तर ऊन कमी पडतंय किंवा हवा कोरडी आहे.

अमेरिकेच्या कॅरोलायनांमधला व्हीनस फ्लायट्रॅपही रोपवाटिकांत मिळतो. माती-पाणी हेच, शिवाय त्याला थंडीतली झोप लागते आणि नाशिकची डिसेंबर-जानेवारीची थंडी ती देते. फोटोसाठी त्याचे सापळे बोटाने मिटवत बसू नका. साधारण वीस सेकंदांत दोन स्पर्श झाले की सापळा मिटतो, पण काहीच न मिळता काही वेळा मिटला की तो निकामी होतो.

घरच्या टेबलावर मात्र एक गोष्ट जमते जी डोंगरावर जमत नाही: सीतेच्या आसवांचे सापळे. मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेल्या पाणवनस्पतींत युट्रिक्युलॅरिया गिब्बा अनेकदा तणासारखी आलेली असते. हिरव्या दोऱ्यांचा गुंता आणि त्यावर मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या पिशव्या. चपट्या काचेच्या बशीत आरओचं पाणी घ्या, दोन-तीन दोरे सोडा, मऊ ब्रशने पिशव्यांना चिकटलेले हवेचे बुडबुडे काढा. बशी दोन वाट्यांच्या कडांवर उचलून ठेवा, खाली पांढरा कागद आणि त्याखाली मोबाइलचा टॉर्च. १८-५५ लेन्स रिव्हर्स रिंगने उलटी लावून १८ वर ठेवली की तिपटीहून मोठं दिसतं. उलट्या लेन्सचं ॲपर्चर कॅमेऱ्याला बदलता येत नाही. काही डीएसएलआरमध्ये लेन्स सरळ असतानाच एफ ८ करून डेप्थ प्रीव्ह्यूचं (ॲपर्चर आधीच मिटवून दाखवणारं) बटण दाबून ठेवत लेन्स काढली तर ते तसंच राहतं, तर काही लेन्समध्ये मागची ॲपर्चरची पट्टी कागदाच्या बोळ्याने अडवावी लागते. पिशवीचं दार उघडून पाणी आत खेचलं जाणं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतं, ते टिपायच्या भरीस पडू नका. पिशवीच्या तोंडाशी असलेले केस आणि पारदर्शक भिंतीआड अडकलेला पाणपिसू यावर फोकस लावा. पाणपिसू जिवंत असेल तर आत हलत असतो, तेव्हा शटर १/२०० आणि उजेड भरपूर.